टाळ्या कोणीं वाजविल्या?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं मुलांचा मेळा जमला होता. आंबे, पत्ते आणि वडील मंडळींची झोपमोड हा कार्यक्रम आठवडाभर चालल्यावर मुलांनीं नवा बेत काढला. जॉर्ज लूकस यांचे 'स्टार वॉर्स' या नांवाचे पहिले सहा चित्रपट, ते ज्या क्रमानें निघाले त्या क्रमानें नव्हे, तर कथेच्या क्रमानें, रोज एक याप्रमाणें पाहावयाचे. आम्ही आरंभीं केवळ देखरेखीसाठीं बसलों होतों, आणि पहिल्या दिवशीं आमचें अर्धें लक्ष वर्तमानपत्रांतच होतें. तिसऱ्या दिवशीं मात्र वर्तमानपत्र बाजूस राहिलें. २००५ सालीं निघालेल्या त्या चित्रपटांत पाल्पाटीन नांवाचा मुख्य प्रधान सिनेटच्या सभागृहांत उभा राहतो, जुन्या लोकसत्ताक राज्याची पुनर्रचना होऊन यापुढें साम्राज्य स्थापन होत आहे असें जाहीर करितो, आणि सभागृहभर टाळ्यांचा कडकडाट होतो. तेव्हां आमची बारा वर्षांची पुतणी एकदम म्हणाली, "काका, यांचें राज्य गेलें ना? मग हे टाळ्या कां वाजवतात?"

"फसले, म्हणून," असें आम्हीं सांगितलें, आणि मुलें पुढचें पाहूं लागलीं. उत्तर चित्रपटापुरतें बरोबर होतें. परंतु ज्या इतिहासावरून तो प्रसंग उचललेला आहे त्या इतिहासास तें पुरतें लागू पडत नाहीं, ही टोचणी आमच्या मनास लागून राहिली. मुलीस दिलेलें अर्धवट उत्तर पुरें करावें, एवढ्याच हेतूनें या महिन्याचें सदर या विषयास दिलें आहे.

ज्या वाचकांनीं हे चित्रपट पाहिले नाहींत त्यांच्यासाठीं कथेचा सांगाडा थोडक्यांत देतों. असंख्य ग्रहांचें मिळून एक जुनें लोकसत्ताक राज्य असतें. कराच्या तंट्यावरून एक बलाढ्य व्यापारी संघ नाबू नांवाच्या लहानशा ग्रहाची नाकेबंदी करितो. तेथील तरुण राणी अमिदाला राजधानीस येऊन सिनेटपुढें दाद मागते. सिनेट चौकशी-समितीच्या गोष्टी बोलूं लागते. संतापून राणी मुख्य प्रधानावर अविश्वासाचा ठराव मांडते, आणि त्या जागीं तिच्याच ग्रहाचा प्रतिनिधि पाल्पाटीन निवडून येतो. पुढें कांहीं ग्रह फुटून निघतात, युद्धाचें सावट पडतें, आणि पाल्पाटीनास आणीबाणीचे अधिकार द्यावे असा ठराव येतो. आणीबाणी हा शब्द १९७५ पासून आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. त्याचा अर्थ सांगत बसण्याचें कारण नाहीं. संकट टळतांच हे अधिकार मी खालीं ठेवीन, असें पाल्पाटीन सभेस आश्वासन देतो. तो ते खालीं ठेवीत नाहीं, हेंही सांगावयास नको.

या कथेंत सर्व कांहीं रोमचेंच आहे असें मात्र नव्हे. साम्राज्याच्या अधिकाऱ्यांचे गणवेष व सैनिकांच्या रांगा हिटलरच्या जर्मनीची आठवण देतात. काळ्या वेषांतील व्हेडर या सेनानीचें शिरस्त्राण जपानी सामुराईच्या शिरस्त्राणावरून घेतलेलें आहे. अकिरा कुरोसावा यांच्या १९५८ च्या 'द हिडन फोर्ट्रेस' या चित्रपटाचें ऋण तर लूकस यांनीं स्वतःच मान्य केलें आहे. राज्यघटनेचा भाग मात्र रोमन वळणाचा आहे. ज्या सिनेटमधील लोकांनीं सीझरला ठार मारलें त्याच सिनेटनें पुढें सीझरच्याच नातलगाच्या हातीं राज्य कां दिलें, राजाचा शिरच्छेद करणाऱ्या फ्रान्सनें नेपोलियन कां पत्करला, असे प्रश्न आपणांस पडत असत, असें लूकस यांनीं मुलाखतींतून सांगितलें आहे. प्रश्न फार चांगला आहे. त्याचें चित्रपटानें दिलेलें उत्तर काय, तर पाल्पाटीन हा गुप्तपणें काळ्या विद्येचा उपासक होता, युद्धांतील दोन्ही बाजू तोच हालवीत होता, आणि त्यानें सर्वांस फसविलें.

रोमच्या लोकसत्तेंत संकटकाळीं एका मनुष्यास सर्व अधिकार देण्याची सोय पूर्वापार होती. त्यास 'डिक्टेटर' म्हणत. आपण सर्वाधिकारी म्हणूं. मुदत फार तर सहा महिने. ख्रिस्तपूर्व ४५८ मध्यें सिन्सिनाटस नांवाच्या गृहस्थास नांगरावरून उठवून सर्वाधिकारी केलें, त्यानें शत्रूचा मोड केला आणि सोळाव्या दिवशीं अधिकार सोडून तो आपल्या शेतावर परत गेला, अशी कथा रोमन इतिहासकार सांगतात. पाल्पाटीनाच्या आश्वासनांत ही जुनी कथा ऐकूं येते. पुढें सुल्लानें मुदतीची अट मोडली, तरी अखेर अधिकार सोडला. सीझरनें तोही संकोच ठेवला नाहीं. ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें तो आजन्म सर्वाधिकारी झाला आणि त्याच वर्षीं १५ मार्च रोजीं मारला गेला.

परंतु आमच्या मतें या प्रकरणांत सीझरपेक्षां सिसरोकडे अधिक लक्ष द्यावयास हवें. चित्रपटांत आणीबाणीचा ठराव मांडणारा जार जार बिंक्स हा एक भोळसर, विदूषकी प्राणी आहे. तो अडखळतो, मुलें हसतात, आणि एवढा मोठा अनर्थ एका वेड्याच्या हातून घडला असें समजून मोकळीं होतात. रोममध्यें काय झालें तें पाहा. ख्रिस्तपूर्व ६७ च्या सुमारास भूमध्यसमुद्रांत चांच्यांनीं इतका उच्छाद मांडला होता कीं रोमला धान्य आणणारीं जहाजें सुरक्षित राहिलीं नव्हतीं. तेव्हां गबिनियस यानें ठराव आणून साऱ्या समुद्रावरील अधिकार तीन वर्षांकरितां एकट्या पाँपीच्या हातीं देवविला. सिनेटमधील बहुतेक वजनदार मंडळी विरुद्ध होती. लोक मात्र त्यासाठीं हातघाईस आले होते. पाँपीची नेमणूक झाली त्याच दिवशीं धान्याचा भाव उतरला, आणि सुमारें तीन महिन्यांत चांचे नाहींसे झाले. पुढल्या वर्षीं पूर्वेकडील युद्धाचे तसेच विशेष अधिकार पाँपीस द्यावे म्हणून ठराव आला, तेव्हां त्याच्या बाजूनें भाषण करण्यास कोण उभें राहिलें? सिसरो! लोकसत्तेचा त्याच्याएवढा विद्वान व कळकळीचा अभिमानी त्या काळीं क्वचितच दुसरा असेल. धान्याच्या भावाची ती गोष्ट आपणांस ठाऊक आहे तीही त्याच्याच भाषणावरून.

याहून मोठी चूक त्यानें वृद्धपणीं केली. सीझरच्या खुनानंतर अँटनी प्रबळ होऊं लागला, तेव्हां त्यास आवरण्यासाठीं सिसरोनें सीझरच्या बहिणीचा नातू व दत्तक पुत्र ऑक्टेव्हियन यास हातीं धरलें. पोर अवघें एकोणीस वर्षांचें. त्यानें कायद्याबाहेर जाऊन जमविलेल्या फौजेस सिनेटची मान्यता मिळावी म्हणून या थोर वक्त्यानें आपलें सारें वक्तृत्व खर्च केलें. वर्ष पुरें होण्याच्या आंतच ऑक्टेव्हियन अँटनीस मिळाला, दोघांनीं वध्य माणसांची यादी केली, आणि त्या यादींत सिसरोचें नांव पडलें. ख्रिस्तपूर्व ४३ च्या ७ डिसेंबर रोजीं त्याचा वध झाला आणि ज्या व्यासपीठावरून तो बोलत असे त्याच व्यासपीठावर त्याचें मस्तक टांगण्यांत आलें. राणी अमिदालेच्या अविश्वासाच्या ठरावांत या दुर्दैवाची थोडीशी छाया आहे, हें मान्य करावयास हवें. हेतु शुद्ध, तक्रार खरी, आणि फळ नेमकें उलटें. लूकस यांनीं तो धागा पुढें नेला असता तर चित्रपट अधिक कडू झाला असता, परंतु अधिक खराही झाला असता.

आतां ती घोषणा. साम्राज्य हा शब्द पाल्पाटीन भर सभेंत उच्चारतो. ऑक्टेव्हियनानें ही चूक कधींच केली नसती. ख्रिस्तपूर्व ३१ मध्यें अ‍ॅक्टियमच्या लढाईत अँटनीचा पराभव करून तो एकटा उरला, आणि ख्रिस्तपूर्व २७ च्या जानेवारींत सिनेटपुढें येऊन त्यानें काय सांगितलें, तर मी सर्व अधिकार सोडून राज्य सिनेटच्या व लोकांच्या हातीं परत देत आहें! सिनेटनें आग्रह करून सैन्य असलेले महत्त्वाचे प्रांत त्याच्याकडेच ठेविले आणि त्यास 'ऑगस्टस' ही पदवी दिली. वार्षिक निवडणुका चालूं राहिल्या, जुनीं पदें तशींच राहिलीं. अधिकारानें मी माझ्या सहकाऱ्यांहून वरचढ नव्हतों, फक्त वजनानें होतों, असें त्यानें आपल्या कारकीर्दीच्या वृत्तांतांत लिहून ठेविलें. तो लेख अंगोरा येथील देवळाच्या भिंतीवर कोरलेला आजही वाचतां येतो. तेव्हां या प्रसंगापुरता विचार केला तर पडद्यावरील पाल्पाटीन हा ऑगस्टसच्या मानानें फारच कच्चा मुत्सद्दी ठरतो.

महाराष्ट्रांतील वाचकांस हा प्रकार समजावून देण्याची गरज नाहीं. कारभार पुण्यास एकवटल्यावरही प्रत्येक नव्या पेशव्यास साताऱ्याहून छत्रपतींचीं वस्त्रें यावीं लागत. दिल्लीच्या बादशहास स्वतःचें संरक्षण करितां येत नव्हतें, त्या काळांत १७८४ मध्यें महादजी शिंद्यांनीं त्याच्याच नांवें वकील-इ-मुतलकीचा अधिकार मिळविला. आणि इंग्रजांची कंपनी तर १८३५ पर्यंत बादशहाच्या नांवाचीं नाणीं पाडीत होती. सत्ता आधीं जाते, नांव मागाहून, कधीं कधीं शंभर वर्षांनीं. चित्रपटवाल्यांना मात्र या बाबतींत फार घाई असते. १९७७ च्या पहिल्या चित्रपटांत टार्किन नांवाचा अधिकारी बैठकींत येऊन, बादशहानें सिनेट कायमची बरखास्त केली, असें एका वाक्यांत सांगून टाकतो. 'स्टार ट्रेक' या दुसऱ्या मालिकेंत रोम्युलन नांवाचें उघड उघड रोमवरून बेतलेलें साम्राज्य आहे. तिच्या २००२ च्या 'नेमेसिस' या चित्रपटांत तर आरंभींच तेथील सारी सिनेट एका यंत्रानें मारून टाकिली आहे. प्रत्यक्ष रोमची सिनेट पश्चिमेच्या शेवटच्या बादशहास ४७६ मध्यें पदच्युत केल्यानंतरही शतकाहून अधिक काळ जिवंत होती. तिचें सभागृह ६३० मध्यें ख्रिस्ती देऊळ झालें, त्यामुळें बचावलें, आणि आजही रोमच्या जुन्या चौकांत उभें आहे. बादशहांस सिनेटचा त्रास क्वचितच झाला. उपयोग मात्र फार झाला.

मग टाळ्यांचें काय? पुतणीच्या प्रश्नाचें उत्तर ख्रिस्तपूर्व २२ मधील एका प्रसंगांत आहे. त्या वर्षीं रोममध्यें नदीला पूर आला, रोगराई पसरली, धान्य मिळेनासें झालें. ऑगस्टसनें त्या वर्षाचें कॉन्सलपद घेतलें नाहीं म्हणूनच हें ओढवलें अशी लोकांची समजूत झाली. त्यांनीं सिनेटच्या सभासदांस सभागृहांत कोंडलें आणि ऑगस्टसला सर्वाधिकारी केलें नाहीं तर इमारत जाळून टाकूं असा धाक घातला. मग चोवीस दंडधाऱ्यांचे दंड घेऊन जमाव ऑगस्टसकडे गेला आणि हें पद घ्या म्हणून विनवूं लागला. त्यानें धान्यपुरवठ्याची जबाबदारी घेतली. पद नाकारलें, आणि आग्रह थांबेना तेव्हां अंगावरचें वस्त्र फाडलें. सत्ता त्याच्याकडे होतीच. बदनाम झालेलें नांव कशाला घ्या, हा त्याचा हिशेब. परंतु त्या दिवशीं रस्त्यावर जो जमाव होता तो कोणाच्या काळ्या विद्येस भुललेला नव्हता. त्याच्या पोटांत अन्न नव्हतें. त्यांतील वडीलधाऱ्यांनीं सीझर आणि पाँपी, अँटनी आणि ब्रूटस, पुन्हां अँटनी आणि ऑक्टेव्हियन अशीं एकामागून एक यादवी युद्धें पाहिलीं होतीं. अशा माणसास, तुझी लोकसत्ता जात आहे, असें सांगितलें तर तो काय म्हणेल, हें घरांत चूल पेटविणारास विचारावें.

चित्रपटांत तो जमाव कोठेंच नाहीं. घोषणेच्या प्रसंगीं आपण सभागृहांत बसलेले प्रतिनिधि पाहतों, आणि मध्यें मध्यें दुसऱ्या एका ग्रहावर व्हेडर फुटीर पुढाऱ्यांची कत्तल करीत असलेला पाहतों. हा जोडून दाखविण्याचा प्रकार परिणामकारक आहे यांत शंका नाहीं. इकडे टाळ्या आणि तिकडे रक्त, हें मुलांच्याही ध्यानांत राहिलें. पण टाळ्यांच्या मागें भूक होती कीं थकवा होता, हें त्यांत कोठें दिसत नाहीं. फसवणूक दिसते. फसवणुकीचें उत्तर ऐकणारास सुखाचें वाटतें, कारण त्यांत आपण निर्दोष ठरतों.

प्रांतांचा प्रश्न तर याहून अवघड आहे. चित्रपटांत दूरदूरचे ग्रह साम्राज्याच्या जाचाखालीं कण्हत असतात आणि जुनें लोकसत्ताक राज्य परत यावें म्हणून प्राण देतात. रोमच्या प्रांतांस लोकसत्तेचा अनुभव कसा होता? सिसिलीचा सुभेदार व्हेरीस यानें तीन वर्षांत तें बेट असें नागविलें कीं ख्रिस्तपूर्व ७० मध्यें त्याच्यावर खटला झाला. आणि तो चालविणाराही आपला सिसरोच. पुढें टॅसिटस या इतिहासकारानें, ज्यास बादशहांविषयीं मुळींच प्रेम नव्हतें, स्पष्ट लिहिलें आहे कीं नवी व्यवस्था प्रांतांस नकोशी नव्हती, कारण सिनेटच्या राज्यांत बड्या लोकांचीं भांडणें आणि अधिकाऱ्यांची हांव यांनीं ते पोळले होते. राजधानींत बसून ज्यास स्वातंत्र्य म्हणत तें, प्रांतांत पोंचेपर्यंत, लुटारू बदलण्याचें स्वातंत्र्य एवढेंच उरलें होतें. आपण स्वतः दीडशें वर्षांहून अधिक काळ दुसऱ्याच्या साम्राज्याचा प्रांत होतों, आणि त्या साम्राज्याच्या राजधानींत पार्लमेंट होतें, निवडणुका होत्या, उत्तम भाषणें होत होतीं. ही गोष्ट टॅसिटसचें तें वाक्य वाचतांना आमच्या मनांतून जात नाहीं. साम्राज्य बरें, असा याचा अर्थ नव्हे. लोकसत्ता कोणाची, हा प्रश्न आधीं विचारावा, इतकेंच.

आणि नवल असें कीं लूकस यांस हें ठाऊक नव्हतें असेंही म्हणतां येत नाहीं. कथेंतील वाळवंटी ग्रहाचें टॅटुईन हें नांव ट्युनिशियांतील एका गांवावरून घेतलें आहे. चित्रणही त्याच देशांत झालें. १९७७ च्या चित्रपटांतील नायकाचें जमिनीखालीं खोदलेलें घर म्हणजे तेथील मतमाता गांवचें खरेंखुरें घर होय. हा सारा मुलूख एके काळीं रोमचा आफ्रिका प्रांत. ऑगस्टसनें ज्या धान्याची जबाबदारी घेतली त्याचा मोठा वांटा येथून व मिसरदेशांतून जात असे. १९९९ च्या चित्रपटांत लोकसत्ताक राज्याचे दूत या ग्रहावर अडकतात आणि भंगार विकणाऱ्या वाट्टो नांवाच्या दुकानदाराकडे यंत्राचा भाग मागतात. पैसे राजधानीचे. वाट्टो म्हणतो, हे पैसे येथें चालत नाहींत. त्याच्या दुकानांत एक नऊ वर्षांचा मुलगा गुलाम म्हणून राबत असतो. गुलामगिरीविरुद्ध तुमचे कायदे आहेत ना, असें पाहुणे विचारतात, तेव्हां मुलाची आई शांतपणें सांगते कीं तें राज्य इकडे नाहींच. तोच मुलगा पुढें व्हेडर होतो. सहा चित्रपटांतील युद्धें, विमानें, तेजाच्या तलवारी हें सर्व एका बाजूस ठेवावें आणि हा दुकानांतील प्रसंग दुसऱ्या बाजूस, इतका तो आम्हांस मोलाचा वाटला. दुर्दैवानें पुढच्या चित्रपटांस त्याची आठवण फारशी राहिली नाहीं.

प्रांताच्या बाजूनें पाहणारे विज्ञानकथेचे चित्रपट थोडे. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या कादंबरीवरून डेनिस व्हिलनव्ह यांनीं काढलेले 'ड्यून' (२०२१ व २०२४) हे त्यांत मोडतात. त्यांतील बादशहाची पदवी 'पादिशाह', म्हणजे आपला पातशहाच. अराकिस नांवाचा मौल्यवान ग्रह तो एका घराण्याकडून काढून दुसऱ्यास जहागीर देतो, आणि नव्या जहागीरदाराचें वजन खुपतें म्हणून त्याच्या शत्रूच्या मदतीस गुपचूप आपली फौज पाठवितो. १७२४ मध्यें दिल्लीच्या दरबारानें निजामाविरुद्ध मुबारिझखानास आंतून चिथावणी दिली आणि वऱ्हाडांत साखरखेर्ड्यास लढाई जुंपली, हें ज्यांनीं वाचलें आहे त्यांस या कथानकांत परकें कांहींच वाटणार नाहीं. त्या ग्रहावरील मूळ रहिवाशांस कोणता जहागीरदार आला याचें सुखदुःख नसतें. पाणी किती उरलें याचें असतें. या चित्रपटांविषयीं सवडीनें स्वतंत्र लिहावें असें मनांत आहे.

पुतणीस आम्हीं मागाहून त्या भुकेल्या जमावाची गोष्ट सांगितली. तिनें ती ऐकून घेतली आणि विचारलें, "मग त्यांना धान्य मिळालें का?" मिळालें, असें सांगितलें. ऑगस्टसनें थोड्याच दिवसांत टंचाई दूर केली, असें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. नंतर म्हणाली, "मग मला नाहीं सांगतां येणार." आम्हांसही तिला त्याहून निश्चित असें कांहीं सांगतां आलें नाहीं. दिवाळीच्या सुटींत ती पुन्हां येणार आहे. तेव्हां आरंभ सिनेटपासून न करितां त्या भंगारवाल्याच्या दुकानापासून करावा, असें ठरविलें आहे.